पाच वाजताची भूक

‘व्होल थर्टी’ नावाच्या अमेरिकन आहारपद्धतीत खोटी भूक ओळखायची एक कसोटी आहे. अवेळी काही खावंसं वाटलं, तर स्वतःला विचारायचं: आत्ता वाफवलेला मासा आणि ब्रोकोली पुढे आली तर खाशील का? हो म्हणालात तर भूक खरी. नाही म्हणालात तर नुसती जिभेची हाव.

मालवण तालुक्यात राहून हा प्रश्न विचारण्यात काही अर्थ नाही. मासा म्हटलं की इथे उत्तर हो. पोट तुडुंब असो, नुकताच हात धुतलेला असो, हो.

२००९ साली सुरू झालेल्या या पद्धतीत तीस दिवस साखर, गूळ, मध, सगळी धान्यं, कडधान्यं, दूधदुभतं आणि दारू बंद. वजनकाट्यावरही उभं राहायचं नाही, हा नियम मला सगळ्यांत आवडला. चालतं काय, तर मासे, मटण, अंडी, भाज्या, फळं, नारळ, साजूक तूप. शेंगदाणा कडधान्यांच्या जातीतला म्हणून बाद, काजू पास. वाचून वाटलं, हे तर आपलंच ताट, फक्त मधला भाताचा ढीग उचललेला.

गोची तिथेच आहे. आमच्या ताटात सगळं त्या ढिगाच्या भरवशावर वाढलेलं असतं. कढी भात कालवण्यापुरती, माशाची तुकडी तोंडी लावण्यापुरती. भात उचलला की उरतं ते फक्त तोंडी लावणं. सासूबाईंनी पहिल्याच दुपारी निकाल दिला, “भात नाय, मगे जेवलंस काय?” त्यांचं बरोबरच होतं. तोंडी लावण्यावर दुपार काढली की साडेचारला पोटात कावळे ओरडणारच, तिथे निग्रह काय करणार! मग माप बदललं. तुकडीच्या जागी अख्खे बांगडे, नारळाच्या रसातली कढी वाटी भरून, आणि भाताच्या जागी कंद. थंडीत परसातले करांदे, कणगरं, कोनफळ निघतात. मिठाच्या पाण्यात उकडलेली कणगरं पोटाला भाताइतकाच आधार देतात. करांदा जरा कडवट लागतो, पण त्याची सवय होते.

एवढं करूनही पाच वाजले की काहीतरी हवं असतंच. ते काहीतरी म्हणजे दुधासाखरेचा चहा आणि त्यात बुडवलेला बेकरीचा बटर. बटर किती वेळ बुडवायचा, हे बोटांना पाठ असतं. आतला कडकपणा जाईपर्यंत धरायचा आणि मोडायच्या आत उचलायचा. जरा उशीर झाला की अर्धा बटर कपाच्या तळाशी, आणि मग चमच्याने तो उपसण्यातही मजाच. ही भूक पोटाची नाही, हे मला कळतं. सिद्ध कसं करायचं एवढाच प्रश्न होता.

म्हणून कसोटीतून मासा काढून टाकला आणि तिथे दुधी बसवला. बिनफोडणीचा, बिनखोबऱ्याचा, नुसता उकडलेला. ‘नको’ असं उत्तर आलं तर कोरा चहा घेऊन परसातल्या झावळ्या आवरायला जायचं. ‘चालेल’ आलं तर खरंच खायचं, आणि ते खाणं म्हणजे फळ नव्हे. संध्याकाळी केळं खाल्लं की माझी गोडाची इच्छा शमत नाही, उलट जागी होते. त्यापेक्षा दुपारचा राखून ठेवलेला बांगडा बरा. तांदळाचं पीठ लावायची सोय नसल्याने तो तव्याला चिकटतो. मग हळद, तिखट, कोकमाचं आगळ, लसूण चोळून केळीच्या पानात गुंडाळायचा, तव्यावर टाकायचा, आणि पान करपून काळं पडलं की उलटायचा. सोबत सोलकढी. आगळ, नारळाचा रस, मिरची, लसूण, मीठ: एकही जिन्नस हरकतीचा नाही. बाजारातलं कोकम सरबत मात्र साखरेमुळे बाद.

पळवाटांचाही बंदोबस्त केलेला आहे. कच्च्या केळ्याचं घावन घालावं असं माझ्या डोक्यात आलं होतं. पण चालणाऱ्या जिनसांतून न चालणाऱ्या पदार्थाची नक्कल करायची नाही, असा नियमच आहे. फणसाचे तळलेले गरे आणि केळ्याचे वेफर्सही त्याच वाटेने गेले. यापुढे आपला एकादशीचा उपवास फारच उदार म्हणायचा. साबुदाणा, दाणे, दही, बटाट्याचा चिवडा. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ उगाच नाही म्हणत.

तीस दिवस झाले तरी ताटावर एकदम तुटून पडायचं नाही. एकेक गट परत आणायचा आणि मध्ये दोन दिवस थांबून पोट काय म्हणतं ते बघायचं. त्या क्रमात कडधान्यं आधी येतात, तांदूळ नंतर. म्हणजे आमच्याकडे कुळथाची पिठी आधी आणि भात मागून. हे ऐकून सासूबाईंनी हातातली विळी बाजूला ठेवली.

“मगे पिठी कशार घालतलंस?”

“करांद्यार,” मी म्हणून पाहिलं. त्या दिवशी त्यांनी जेवणाचा विषयच माझ्याशी बोलायचा टाकला.