तापकीर गल्लीतून आणलेला सेन्सर
आज भाचीला घेऊन पुण्यातल्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेले. छोटी गाडी बनवायला अर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड), विजेवरच्या छोट्या मोटर, त्या चालवणारा मोटर ड्रायव्हर, अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर असं सगळं घेतलं आणि दुपारभर दोघी शिकत बसलो. हा सेन्सर ४० किलोहर्ट्‌झचा आवाज सोडतो, आपल्याला ऐकूच न येणारा. तो भिंतीवर आपटून परतायला लागलेला वेळ ध्वनीच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला साधारण ३४३ मीटरने, गुणायचा आणि निम्मा करायचा, की भिंतीपर्यंतचं अंतर मिळतं. निम्मा का, ते पोरीनेच सांगितलं, "मावशी, आवाज जातो आणि येतोही!" किती आनंद झाला! आणि त्याच आकड्यावर गाडी भिंतीच्या अलीकडे थांबली. शाळेत हे मुलांना स्वतःच्या हाताने करू द्यायलाच हवं. पुढच्या रविवारी लाइन फॉलोअर, म्हणजे जमिनीवरच्या रेषेमागे आपोआप जाणारी गाडी, करणार आहोत. कोथरूडमधल्या कुणाची मुलं येणार असतील तर कळवा.