बाबांच्या खेळण्यातल्या गाडीचं चाक

भोसरीत बाबांचा छोटा शेड होता. दोन हँड मोल्डिंग मशीन, चार माणसं, आणि माल एकच, प्लॅस्टिकची खेळण्यातली गाडी. चाकाच्या कडेला फ्लॅश यायचा, म्हणजे डायच्या (साच्याच्या) फटीतून निसटलेला प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा. शाळेतून आले की मी आणि आई तो ब्लेडने खरवडत बसायचो.

डाय अचूक कापायला बाबांना विजेच्या ठिणग्यांनी धातू कोरणारं जपानी स्पार्क मशीन हवं होतं. पण आयात परवाना मिळवायचा तर तसं यंत्र देशात बनत नाही हे दाखवावं लागे. बनत तर होतं, पण तेवढं बारीक काम करत नव्हतं. हे कुणाला पटवता येईना.

मग 24 जुलै 1991 चा मनमोहन सिंगांचा अर्थसंकल्प आला. सोनं गहाण पडलेलं, रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालेलं. आयात कराचा कमाल दर 300 टक्क्यांच्याही वर गेला होता, तो 150 वर आला आणि 1995 पर्यंत 50 वर. यंत्रांसाठीची परवान्याची अटही सुटली होती. 1995 मध्येच कर्ज काढून मशीन आणलं. नव्या डायमधून निघालेलं पहिलं चाक बाबांनी हातात घेऊन कडेवरून नख फिरवलं. नख कुठेच अडकलं नाही. ते कितीतरी वेळ तसंच फिरवत होते.

आधी यंत्रं खुली झाली, तयार माल मागाहून. हा क्रम मला आजही बरोबर वाटतो. ग्राहकोपयोगी वस्तूंवरची उरलेली बंधनं 2000 आणि 2001 च्या एप्रिलमध्ये उठली, तीही जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेविरुद्ध हरल्यावर. चूक झाली ती दुसरीकडे. खेळणी लघुउद्योगांसाठी राखीव होती, त्यामुळे मोठा कारखाना काढायची सोयच नव्हती. ते आरक्षण उठलं 2001 मध्ये, म्हणजे चिनी माल दारात आल्यावर! दहा वर्षं हातात होती, ती आम्हाला लहानच ठेवण्यात गेली. तुळशीबागेत चिनी गाडी आमच्या कच्च्या प्लॅस्टिकच्या दाण्याच्या खर्चापेक्षा स्वस्त मिळायला लागली. 2004 मध्ये शेड बंद केला. बाबांवर हा अन्याय होता असंच मी म्हणेन.

आता खेळण्यांवरचा आयात कर पुन्हा चढलाय. 2020 मध्ये 20 चा 60 टक्के झाला, 2023 मध्ये 70. माझा भाचा चाकणला खेळण्यांचे डाय बनवायचं म्हणतोय. परवा विचारत होता, "मावशी, एवढा कर आहे म्हटल्यावर भीती कसली?" मी म्हटलं, "अरे, हा कर उद्या उतरणार असं धरून मशीन घे. आणि पहिलं चाक निघालं की मला दाखव."