‘आई’ म्हणतो ना, मग येतंय ऐकू!

सोहमला ऐकू येतं याबद्दल आमच्या घरात कुणालाच शंका नव्हती. उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून रस्त्याने निघाला की हा दाराकडे धावायचा. सासूबाईंनी एकदा त्याच्या पाठीमागे स्टीलचं ताट आपटून पाहिलं, तर दचकून वळला. आणि सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे तो मला ‘आई’ म्हणायचा, अगदी स्पष्ट. अडीच वर्षांचा झाला तरी ‘आई’, ‘बाबा’, ‘माऊ’ यापलीकडे गाडी सरकत नव्हती, पण त्यावरही उत्तर तयार होतं. त्याचे बाबासुद्धा म्हणे तीन वर्षांनंतरच बोलायला लागले.

पहिल्यांदा टोकलं ते प्लेग्रुपमधल्या मॅडमनी. “ताई, हा सारखा माझ्या तोंडाकडे बघतो. मी फळ्याकडे वळून बोलले की याला काहीच कळत नाही.” मला राग आला, खोटं कशाला सांगू.

त्या रात्री त्याची फाईल काढली. सोहम आठव्या महिन्यातला. जन्मल्यावर चोवीस दिवस काचेच्या पेटीत होता, जंतुसंसर्ग झाला होता, कावीळ होती, अँटिबायोटिकची इंजेक्शनं चालू होती. डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी दोन ओळी होत्या: डोळे तपासून घेणे, कान तपासून घेणे. डोळ्यांचं डॉक्टरांनी तोंडी बजावलं होतं म्हणून आम्ही धावतपळत गेलो होतो. कानांची ओळ तशीच राहिली. लसीकरणाच्या कार्डासोबत, त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत. ती मी वाचली होती की नाही, हेही मला आठवत नाही. बाळाची चाळणी तपासणी पहिल्या महिन्यात, पक्कं निदान तिसऱ्यापर्यंत आणि उपाय सहाव्या महिन्यापर्यंत सुरू व्हावेत, असा दंडक आहे. आम्ही बत्तिसाव्या महिन्यात दारात उभे होतो.

पहिली तपासणी गावाजवळच झाली. ओएई म्हणतात तिला. कानात इवलीशी नळी बसवतात, आवाज सोडतात आणि आतून उलट येणारा बारीक आवाज मोजतात. हो, कान स्वतः आवाज करतो. आतल्या कानातल्या केसपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या केसाळ पेशी, शाबूत असतील तर तो उमटतो. दोन्ही कानांचा निकाल ‘रेफर’. मला वाटलं, दुसऱ्या दवाखान्यात जायला सांगताहेत. तसं नसतं. ‘पास’ झाला नाही, पुढे तपासा, एवढाच त्याचा अर्थ. पडद्यामागे पाणी साठलं असेल तर औषधानं भागेल, अशी आशा होती, पण टिंपनोमेट्रीत, म्हणजे कानाच्या पडद्यामागच्या तपासणीत, मधला कान स्वच्छ निघाला.

मग मुंबईला, वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्था, ऐकू न येणाऱ्यांसाठीची. बेरा टेस्टसाठी मूल गाढ झोपलेलं लागतं. “रात्री उशिरा झोपवा, पहाटे लवकर उठवा, वाटेत डुलकी लागू देऊ नका.” डोंबिवलीला मावशीकडे उतरलो होतो. पहाटे चारला त्याला उठवलं, लोकलमध्ये बिस्किटं, चाव्या, मोबाईल सगळं पुढ्यात नाचवलं. दादरला गाडी बदलली आणि माहीम यायच्या आत साहेब माझ्या खांद्यावर ढाराढूर. संस्थेत पोचलो तेव्हा टकटकीत जागा. शेवटी झोपेचं औषध दिलं आणि दीड तास कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घातल्या. झोपल्यावर कपाळाला आणि कानांमागे वायरी चिकटवल्या. कानात आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत पोचणाऱ्या लहरी स्क्रीनवर बघतात. मुलानं काही सांगायची गरजच नाही.

पण मला कळलं ते दुसऱ्या दिवशी. आवाज आला की रिंग खांबात टाकायची, असा खेळ ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या, मॅडमनी त्याला शिकवला. जाड, खालच्या पट्टीच्या आवाजांना सोहम रिंग टाकत गेला, टाळ्या मिळाल्या, खूश. मग मॅडमनी पट्टी चढवली. स्पीकरमधून पाखरासारखा बारीक आवाज येत होता, मला मागच्या खुर्चीत नीट ऐकू येत होता. सोहमनं रिंग गालाला लावून धरलेली, जशी शिकवली होती तशी. आणि तो वाट बघत होता. आवाज वाढवला, अजून वाढवला. तो शहाण्यासारखा वाट बघत बसला होता.

ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, समोर ठेवून मॅडमनी समजावलं. आडव्या रेघेवर पट्टी, डावीकडे २५० हर्ट्झ, उजवीकडे ८०००. उभ्या रेघेवर डेसिबल, जितकं खाली तितकं ऐकणं कमी. सोहमची रेघ ५०० ला ३५ डेसिबलवर होती आणि तिथून घसरगुंडीसारखी ४००० ला ८५ वर. आपण समोरासमोर बोलतो ते साधारण ६० डेसिबल.

“स्वर खालच्या पट्टीत असतात आणि दणकट असतात,” मॅडम म्हणाल्या. “म, ब यांचाही जोर खालीच. स, श, च, त, ख यांची ओळख वरच्या पट्टीत असते आणि ते मुळात नाजूक. ताट, पाठ, खाट, काठ, याला सगळे जवळपास ‘आ’च.”

‘आई’ या शब्दात एकही व्यंजन नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ताट आपटलं की सगळ्या पट्ट्यांमध्ये एकदम धडाका होतो, त्यातला खालचा भाग त्याला पुरत होता. आम्ही अडीच वर्षं ‘सोहम’ अशी हाक मारत होतो आणि त्याच्यापर्यंत पोचत होतं ‘ओअम’.

असं का झालं? मॅडमनी कागदावर शंख काढला. आतला कान अडीच वेढ्यांचा. दाराशी बारीक आवाजाच्या केसपेशी, टोकाला जाड आवाजाच्या. काही अँटिबायोटिकांचा मार आधी दाराशी बसतो, आणि गेलेल्या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. याच्या बाबतीत औषध, कावीळ, कमी दिवस, नेमकं काय नडलं ते ठामपणे सांगता येणार नाही, असंही त्या म्हणाल्या. त्या इंजेक्शनांनी तो जगला. यापुढे मी विचार करायचं थांबवलं.

मग त्याला कानाचं मशीन लागलं. त्याचं सगळं सांगत बसत नाही. दिव्यांग प्रमाणपत्राच्या फेऱ्या ज्यांनी केल्यात त्यांना माहीत आहेत, बाकीच्यांना सांगून उपयोग नाही. मशीन कानात बसवणाऱ्या साच्यासाठी कानात गुलाबी लगदा भरला तेव्हा तो रडला, साचा हिरव्या रंगाचा निवडला तेव्हा हसला. कान वाढतो तसा साचा सैल होतो आणि मशीन शिट्टी मारतं, म्हणजे नवा साचा करायची वेळ झाली. पावसाळ्यात रात्री मशीन ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं. पहिल्या आठवड्यात एक मशीन तांदळाच्या डब्यात सापडलं, ते एका अर्थी बरंच झालं.

मशीन म्हणजे नुसता भोंगा नव्हे. त्याची रेघ जिथे घसरते तिथेच जास्त जोर लावतात, आणि अगदी वरचे आवाज थोडे खालच्या पट्टीत उतरवून देतात. त्यामुळे त्याचा ‘स’ आपल्या ‘स’सारखा नसेल, पण त्याच्या ओळखीचा असेल. “ओरडू नका,” हे मॅडमनी दोनदा सांगितलं. ओरडलं की स्वर फुगतात आणि व्यंजनं त्यात बुडतात. जवळ जा, साधं बोला. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. तेव्हापासून स्वयंपाकघरातून हाका मारणं बंद. मला ते अजून जमत नाही, सासूबाईंना तर मुळीच नाही.

मशीन लागल्या दिवसापासून त्याचं ‘ऐकण्याचं वय’ मोजतात. आत्ता ते अकरा महिने आहे. रोज सकाळी मशीन घातलं की सहा आवाजांची परीक्षा: आ, ई, ऊ, म, श, स. डॅनियल लिंग यांची ही चाचणी, पण त्यांचं आडनाव मराठी घरात घेणं अवघड, म्हणून आम्ही नुसतं ‘सहा आवाज’ म्हणतो. तोंडापुढे पुठ्ठा धरून मी आवाज काढते, तो तसाच काढतो. ‘श’ सहाव्या महिन्यात आला. ‘स’ अजून कधी येतो, कधी नाही.

परवा त्यानं पुठ्ठा माझ्याकडून हिसकावला आणि आजीची परीक्षा घ्यायला बसला. आ, ई, ऊ, म, सगळं सुरळीत. मग पुठ्ठ्यामागून ‘श्श्श’. सासूबाई बघतच राहिल्या. त्यानं पुन्हा केलं, मग ‘स्स्स’. “काय म्हणतोय गं हा? नीट बोल की रे,” सासूबाई म्हणाल्या.

सोहमनं माझ्याकडे पाहिलं आणि मॅडम करतात तशी मान हलवली. पुढच्या महिन्याच्या फेरीला सासूबाईही बरोबर येताहेत.