गगन-व्हीओआर लॉग: संध्याकाळचा चोर सापडला

मंडळी, सापडला एकदाचा. गगन म्हणजे जीपीएसच्या चुकांची दुरुस्ती उपग्रहांवरून पुरवणारी भारताची यंत्रणा. सूर्यास्तानंतर तास-दीड तासाने माझ्या रिसीव्हरवर गगनचा फिक्स, म्हणजे दुरुस्त केलेलं स्थान, का पडतो, या प्रश्नाने मागच्या दोन्ही नोंदींमध्ये डोकं खाल्लं होतं. चोर माझ्या गच्चीवर नव्हताच. तो काहीशे किलोमीटर वर, आयनोस्फिअरमध्ये, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित थरात आहे.

आधी गोड बातमी. व्हीओआर म्हणजे विमानांना दिशा सांगणारं जमिनीवरचं रेडिओ स्टेशन, डीव्हीओआर हा त्याचा डॉप्लर प्रकार. मुंबईच्या डीव्हीओआरचा (११६.६ मेगाहर्ट्झ, ओळख बीबीबी) डीकोडर आता झकास चालतो. ३० हर्ट्झचा एक सिग्नल सरळ एएममध्ये, दुसरा ९९६० हर्ट्झच्या सबकॅरिअरवर एफएममध्ये, आणि दोघांच्या फेजमधला फरक म्हणजे स्टेशनपासूनचं बेअरिंग (दिशेचा कोन). दोन्ही शाखांच्या फिल्टरचा उशीर समान केल्याबरोबर आकडा जागेवर बसला. मी वाशीत, आणि वाशी मुंबई विमानतळाच्या पूर्वेला, किंचित दक्षिणेकडे आहे. नकाशावरून काढलेलं बेअरिंग आणि डीकोडरचं बेअरिंग यांत आता अंशभराचाही फरक नाही. मुंबईत चुंबकीय फरकही नगण्य, त्यामुळे फार दुरुस्ती लागत नाही. डायपोल आडवाच ठेवा, व्हीओआरचं ध्रुवीकरण आडवं असतं. उभ्या अँटेनावर सिग्नल येतो, पण भिंतींवरून उसळलेला कचरा जास्त येतो. साधारण १३ मीटर व्यासाच्या कड्यावरच्या अँटेनांमधून सिग्नल फिरवायची डॉप्लर व्हीओआरची युक्ती परावर्तनं किती दाबते, हे आमच्या टॉवरच्या जंगलात बसून बघताना खरंच आनंद झाला. हेडफोनमध्ये डा-डि-डि-डि तीनदा ऐकू आलं की अजूनही अंगावर काटा येतो.

आता मूळ दुखणं. माझ्या यू-ब्लॉक्स जीपीएस रिसीव्हरच्या जीजीए ओळीत (स्थान सांगणारी ओळ) दिवसभर क्वालिटी २, म्हणजे गगनची दुरुस्ती लागू. अंधार पडला की २ चा १ (दुरुस्तीविना), मग पुन्हा २, मग बराच वेळ १. नवीन मंडळींसाठी सांगून ठेवतो, एनएमईएमध्ये (रिसीव्हरच्या अशा ओळींच्या भाषेत) गगनचे उपग्रह १२७ आणि १२८ या नावाने शोधू नका. एसबीएसच्या (गगनसारख्या दुरुस्ती यंत्रणांच्या) क्रमांकातून ८७ वजा होतात, म्हणून जीसॅट-८ तुम्हाला ४० दिसेल आणि जीसॅट-१० दिसेल ४१.

संशयितांची रांग मोठी होती. नवरात्र चालू, समोरच्या मैदानात गरबा, एलईडीच्या माळा, जनरेटर, ॲम्प्लिफायर. वेळही तंतोतंत जुळत होती, त्यामुळे सगळ्यांनी त्यांनाच दोषी ठरवलं. मग रिसीव्हर बॅटरीवर चालवून बघितला, अँटेनाची केबल बदलली, फेराइट लावले, लॅपटॉप बंद करून फक्त लॉगर ठेवला. काही फरक नाही. गरब्याला सुट्टी होती त्या रात्रीही फिक्स पडला.

लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या अँटेनावरही संशय होताच. तिथल्या एका दुकानदाराने ‘ओरिजिनल, सॉ फिल्टरवाला’ म्हणून दिलेला चुंबकी पॅच उघडला तर आत फिल्टरच नाही. तो बाजूला ठेवला आणि हेलिकल अँटेना लावली. दिवसाचा सिग्नल चांगला दोन-तीन डीबीने सुधारला, संध्याकाळ तशीच. पण माझा सल्ला, पैसे घालायचेच असतील तर आधी अँटेनात घाला, रिसीव्हर नंतर बघा.

कोडं उलगडलं ते दोन्ही लॉग एकाखाली एक ठेवून बघितल्यावर. खालच्या पट्टीत ११६ मेगाहर्ट्झची नॉइज पातळी, संपूर्ण संध्याकाळ सपाट रेष. गरब्याचा गोंगाट असता तर तो इथे आधी दिसला असता. वरच्या पट्टीत प्रत्येक उपग्रहाचा सी-बाय-एन-झीरो, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नलचा जोर. स्थानिक गडबड असती तर सगळे उपग्रह एकदम बसले असते. इथे मात्र पश्चिमेकडचे जीपीएस उपग्रह आधी थरथरले, मग डोक्यावरचे, मग पूर्वेकडचे. गगनच्या बाबतीत तर हे अगदी स्वच्छ दिसलं. ५५ अंश पूर्वेवरचा जीसॅट-८ आमच्या नैर्ऋत्येला दिसतो, तो आधी गेला. ८३ अंशांवरचा जीसॅट-१० आग्नेयेला, तो नंतर डळमळला, तेव्हा जीसॅट-८ सावरत होता. भूस्थिर उपग्रह आकाशात जागचे हलत नाहीत, म्हणजे हलतंय ते मधलं काहीतरी, आणि ते पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतंय.

प्लाझ्मा बबल! सूर्य मावळला की चुंबकीय विषुववृत्तावर आयनोस्फिअरचा खालचा थर झपाट्याने विरळ होतो आणि त्यातून कमी घनतेचे फुगे वर चढतात. हे विषुववृत्त आपल्या दक्षिण टोकावरून जातं. केरळातल्या थुंबाची जागा रॉकेटसाठी त्यामुळेच निवडली गेली. फुगे चुंबकीय रेषांच्या आधाराने उत्तर-दक्षिण पसरतात आणि पूर्वेकडे वाहत जातात. त्यांच्या कडांमधून येणारा उपग्रहांचा एल१ सिग्नल तापलेल्या डांबरी रस्त्यापलीकडच्या दृश्यासारखा लवलवतो. विषुवदिनांच्या आगेमागे हा प्रकार भारतावर सर्वात जास्त, म्हणजे मार्च-एप्रिल आणि आपलं नवरात्र.

पण सिग्नल थरथरणं ही अर्धीच गोष्ट. यू-ब्लॉक्सच्या एसएफआरबीएक्स नोंदींमधून मी गगनचे कच्चे संदेश काढले (दर सेकंदाला २५० बिट्सचा एक) आणि टाइप २६ वाचला. पाच-पाच अंशांच्या जाळीवरच्या प्रत्येक बिंदूसाठी आयनोस्फिअरचा उशीर आणि त्यावर किती भरवसा ठेवायचा याचा निर्देशांक त्यात असतो. वाशीच्या डोक्यावरचा चौकोन म्हणजे १५-२० अक्षांश, ७०-७५ रेखांश. संध्याकाळी उत्तरेच्या दोन कोपऱ्यांचा निर्देशांक चढत चढत १४ वर गेला, म्हणजे ४५ मीटर अनिश्चितता. मग १५, म्हणजे ‘या बिंदूवर विसंबू नका’. मला ही गोष्ट फार आवडली. सिस्टीम खोटा आत्मविश्वास दाखवत नाही. चौकोनाच्या पोटात एखादा फुगा लपलेला असू शकतो हे ती धरून चालते आणि सरळ सांगते. युरोप-अमेरिकेच्या शांत आकाशासाठीचं गणित इथे जसंच्या तसं चालणार नव्हतं, म्हणून इस्रोने आपलं वेगळं आयनो मॉडेल बनवलं. २०१५ मध्ये गगनला एपीव्ही-१ चं (विमान उतरताना उंचीचंही मार्गदर्शन देण्याचं) प्रमाणपत्र मिळालं आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये इंडिगोचं एटीआर विमान गगनच्या आधारे राजस्थानातल्या किशनगढला उतरलं. आयएलएस (विमान उतरवणारी धावपट्टीवरची रेडिओ यंत्रणा) बसवणं परवडत नाही अशा छोट्या धावपट्ट्यांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

आणि याच रात्री खालच्या पट्टीत बीबीबीचं बेअरिंग हूं की चूं न करता जागेवर. व्हीएचएफ सरळ रेषेत जमिनीलगत येतं, त्याचा आयनोस्फिअरशी संबंधच येत नाही. म्हणून मागे इथे झालेल्या ‘उपग्रह आलेत, आता जमिनीवरचे सगळे बीकन काढून टाका’ वादात माझं मत आता पक्कं आहे. एनडीबी (जुने, साधे रेडिओ बीकन) खुशाल जाऊ द्या, रात्री आणि वादळात त्यांची सुई तशीही भरकटते. व्हीओआर कमी करा, पण एक सांगाडा राहिलाच पाहिजे, आणि डीएमईला (स्टेशनपासूनचं अंतर सांगणाऱ्या यंत्रणेला) तर हातच लावू नका. अमेरिकेनेही सुमारे ९०० व्हीओआरपैकी एक तृतीयांशच बंद करून बाकीचं किमान जाळं ठेवायचं ठरवलं. जॅमिंगचा, म्हणजे सिग्नल मुद्दाम दाबण्याचा धोका वेगळाच. २०२४ मध्ये एस्टोनियातल्या तार्तूला उतरण्याच्या पद्धती जीपीएसवर अवलंबून होत्या, तर हस्तक्षेपामुळे फिनएअरला महिनाभर तिथली उड्डाणं थांबवावी लागली.

पुढचा बेत एनडीबीची ओळखचिन्हं रेकॉर्ड करून ठेवण्याचा होता. पण हे लिहिता लिहिताच दुसरं सुचलं, त्यामुळे ते थांबवतो. फुगे पूर्वेकडे साधारण सेकंदाला १०० ते १५० मीटर वेगाने वाहतात. नागपूर इथून पूर्वेला जवळपास ७०० किलोमीटर. म्हणजे वाशीत जीसॅट-१० डळमळल्यावर तोच फुगा दीड-दोन तासांनी नागपूरच्या लॉगमध्ये दिसायला हवा, वाटेत विरला नाही तर. मधे जळगाव किंवा अकोल्याचा एखादा रिसीव्हर मिळाला तर वेग आपल्याच आकड्यांतून काढता येईल. गोव्याची मंडळीही हवीत. ती जवळजवळ त्याच चुंबकीय रेषेवर आहेत, तिथे तोच फुगा जवळपास त्याच वेळी दिसतो का ते बघायचंय.

यू-ब्लॉक्सचा सी-बाय-एन-झीरो पूर्ण डीबीतच येतो, त्यावरून थरथरीचा निर्देशांक काढणं मला पटत नाही. त्यासाठी मी एसडीआरवर (सॉफ्टवेअर रेडिओवर) कच्चा आयक्यू, म्हणजे मूळ सिग्नलचे नमुने, घेतोय, डिस्क भरते पण इलाज नाही. तुमच्याकडे फक्त यू-ब्लॉक्स असेल तरी वेळ जुळवायला तेवढं पुरे. एसबीएसच्या यादीत ‘ऑटो’ काढून १२७, १२८ आणि १३२ (गगनचा तिसरा, जीसॅट-१५) हाताने टिक करा, नॅव्ह-सॅट (उपग्रहनिहाय सिग्नलची नोंद) आणि एसएफआरबीएक्स दोन्ही चालू ठेवा, वेळ यूटीसीमध्येच नोंदवा आणि सूर्यास्तापासून मध्यरात्रीपर्यंतचा लॉग न कापता पाठवा. अँटेना कुठली आणि दक्षिणेचं आकाश किती मोकळं आहे, तेही कळवा.