तिसरी शिट्टी

"लॅपटॉप चालू करते आणि कुकर लावते. तिसऱ्या शिट्टीपर्यंत उघडतो तो."

टिळक रोडवरच्या दुकानात बायको हे अगदी सहज सांगत होती. मी शेजारीच उभा होतो. फार वाईट वाटलं.

२०१६ चा लॅपटॉप, ४ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क. ‘ए’ आणि ‘एस’ ही अक्षरं तर बोटांनी पार पुसून गेलीत.

दुकानदार म्हणाले, "वहिनी, हार्ड डिस्कच्या जागी वेगवान एसएसडी टाका, रॅम ८ करा, पळेल." पळेलही. पण विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, आणि तिचा सहाव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. ती त्यावर लोकांचे जीएसटी रिटर्न भरते. दुसऱ्यांच्या हिशेबाशी जोखीम कशी घ्यायची? नवाच घ्यायला हवा.

ती म्हणाली, "कशाला एवढा खर्च? माझं चालतंय की."

गेल्या वर्षी माझा फोन घेताना आम्ही दहा मिनिटंही विचार केला नव्हता. तिच्या कामाची वस्तू मात्र ‘चालतंय की’वर इतकी वर्षं निघाली, आणि मला ती शिट्टी आज ऐकू आली.

रविवारी पुन्हा जातोय, नवा घ्यायला. जुन्यात एसएसडी घालून विंडोजऐवजी मोफत मिळणारं लिनक्स टाकलं, तर मुलीच्या अभ्यासाला चालेल ना? कोणी केलंय का?