आईचा गुडघा आणि माझा व्हर्निअर

मी भोसरीत सीएनसी लेथवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या कातकामाच्या मशीनवर, काम करतो. गोल वस्तू करणं हाच माझा धंदा. दोन शतांश मिलिमीटर इकडेतिकडे झालं की जॉब, म्हणजे केलेला तुकडा, रिजेक्ट. त्यामुळे चहाच्या कपाखाली ठेवायचा दोऱ्याचा एक गोल, जेमतेम तळहाताएवढा, मला सलग चार दिवस जमेना तेव्हा जरा लागलंच.

झालं असं की पावसात गाडी घसरली, उजवा पाय प्लॅस्टरमध्ये गेला आणि पाच आठवडे घरी बसायची वेळ आली. आई वाईहून माझी काळजी घ्यायला आली आणि येताना स्वतःची पिशवी घेऊन आली. त्या पिशवीत काय आहे ते लहानपणापासून माहीत आहे : दोऱ्याच्या गुंड्या, एक बोथट कात्री, आणि पितळी डबीत क्रोशाच्या सुया. दुपारी ती विणत बसायची, मी मोबाईल चाळत बसायचो. तिसऱ्या दिवशी कंटाळून म्हणालो, "आण इकडं, मी बघतो." ती म्हणाली, "बघ की. पाय मोडलाय, हात थोडाच मोडलाय?"

तिला विचारून शिकलो असतो तर प्रश्नच नव्हता. पण आपण पडलो प्रोग्रॅमर. व्हिडिओ लावला. बोलणारी बाई ब्रिटिश होती. ती 'डबल क्रोशे' म्हणत होती, आणि नमुना मी उतरवून घेतला होता तो अमेरिकन. आता गंमत बघा. अमेरिकेत डबल क्रोशे म्हणजे आपला खांब : आधी सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्यायचा, मग सुई खाली घालायची. इंग्लंडमध्ये त्याच नावाचा टाका म्हणजे आपला मुका खांब, वेढा न घेता घालतात तो, बुटका. नाव एक, टाके दोन. आईकडे ही भानगडच नाही. साखळी, मुका खांब, खांब. वेढे वाढतील तसा खांब उंच. संपलं.

मी नमुन्याप्रमाणे मधल्या कड्यात १२ टाके घातले, पुढच्या फेरीत २४, मग ३६. आकडे अमेरिकन, टाका ब्रिटिश. तिसऱ्या फेरीला त्याच्या कडा उठल्या, चौथ्या फेरीला तो तेलात सोडलेल्या पापडासारखा वाकडातिकडा झाला. आईने तो उचलला, दोन्ही बाजूंनी बघितला आणि विचारलं, "हा कपाखाली ठेवायचा की कानात घालायचा?"

मग मी तो उसवला आणि सावधगिरी म्हणून वाढवायचे टाके कमी केले. आता खांब नीट घातले होते, पण वाढ पुरत नव्हती. त्याची वाटी झाली. चांगली खोलगट. शेजारच्यांच्या बाळाला टोपडं म्हणून गेली असती.

आई विणताना मोजत नाही. म्हणजे ओठ हलतात, पण विचारलं तर आकडा सांगता येत नाही. दर फेरीला ती विणकाम गुडघ्यावर ठेवते, तळहाताने थोपटते, आणि तेवढ्यावरून पुढची फेरी ठरवते. कड उठली तर वाढ कमी, ओढ बसली तर वाढ जास्त. "गोल बसला पाहिजे," एवढंच तिचं ड्रॉइंग.

मला ते पुरेना. रात्री झोप येत नव्हती तेव्हा कागद घेतला. एक फेरी पूर्ण झाली की गोलाची त्रिज्या टाक्याच्या उंचीइतकी वाढते. त्रिज्या जेवढी वाढली त्याच्या ६.२८ पट परीघ वाढतो, दोन पाय (२π), शाळेतलंच. मुका खांब जवळजवळ चौकोनी, जेवढा रुंद तेवढाच उंच. म्हणून दर फेरीला सहा टाके वाढवायचे. खांब साधारण दुप्पट उंच, म्हणून बारा. माझा पापड का झाला ते तिथेच कळलं : सहाच्या जागी बारा. कडेला जागेपेक्षा माल जास्त झाला, तो जाणार कुठे? वर-खाली लाटा मारणार. सकाळी आईला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "मग मी काय वेगळं सांगत होते?"

त्या पापडाची मात्र नंतर इज्जत वाढली. १९९७ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात दाइना ताइमिन्या या मूळच्या लॅटव्हियाच्या गणितज्ञ बाईंनी मुद्दाम असंच, ठरावीक प्रमाणात टाके वाढवत नेऊन, हायपरबोलिक प्रतल, म्हणजे कडेकडे जागेपेक्षा जास्त पसरत लाटा मारत जाणारा गणितातला पृष्ठभाग, क्रोशाने विणलं. त्याआधी ते शिकवायला कागदाचे नमुने वापरत, ते फाटायचे. मी हे आईला दाखवलं. तिचं एकच म्हणणं : "बाईंचा हात सारखा आहे, तुझा नाही."

पाचव्या दिवशी जमला. कॉटनचा दोरा, साडेतीन मिलिमीटरची सुई. पहिली फेरी हळदी, १२ खांब. दुसरी राणी, प्रत्येक खांबात दोन, झाले २४. तिसरी मोरपंखी, एकाआड एक वाढ, ३६. चौथी पांढरी, दोन साधे आणि तिसऱ्यात दोन, ४८. शेवटी डाळिंबी पाकळ्या : दोन टाके सोडायचे, तिसऱ्यात पाच खांब, परत दोन सोडून एक मुका खांब. सहा टाक्यांची एक पाकळी, ४८ त आठ पाकळ्या बरोब्बर बसतात. बाकी शून्य. हे बसलं तेव्हा मला जो आनंद झाला तो आईला अजिबात कळला नाही. मी व्हर्निअर, म्हणजे आमची बारीक मापं घ्यायची पट्टी, लावून बघितलं. चार ठिकाणी चार मापं, सगळ्यात मोठा फरक तीन मिलिमीटर. आमच्याकडे भंगारात गेला असता.

रंग बदलायची खुबी व्हिडिओतून नाही, आईकडून मिळाली. नव्या रंगाचा दोरा नव्या टाक्याला धरायचा नाही. जुन्या रंगाच्या शेवटच्या टाक्याचा शेवटचा ओढा नव्या दोऱ्याने घ्यायचा. नाहीतर सांध्यावर आधीच्या रंगाचा ठिपका दिसतो. आणि सुटी टोकं त्याच वेळी विणकामात घालून टाकायची. 'नंतर करू' म्हणून मी सहा कोस्टरची टोकं ठेवली होती. एकात पाच रंग, प्रत्येकाची दोन टोकं. साठ टोकं सुईत ओवत बसलो एक अख्खा रविवार.

दोरा मात्र कॉटनचाच घ्या. पहिले दोन मी तुळशीबागेतून आणलेल्या ॲक्रिलिक लोकरीचे केले होते, रंग फार सुंदर मिळतात म्हणून. पण ती लोकर पाणी पीत नाही. थंड ताकाच्या पेल्याचं पाणी वरून घरंगळून टेबलावरच येतं, मग कोस्टर कशाला? कॉटनची एकच खोड, गडद रंग जातो. धुतल्यावर डाळिंबीने पांढरी फेरी गुलाबी केली. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं आईचं म्हणणं. माझा नाही झाला. आता गडद दोरा विणायच्या आधीच, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुऊन घेतो.

शेवटी साबुदाण्याची पातळ खळ, टाचण्या लावून ताणून सुकवायचं, की पाकळ्या ताठ राहतात. खळ जाड झाली तर कप ठेवल्यावर खडखडतं, आणि आमच्याकडे मुंग्याही आल्या.

वर्कशॉपमध्ये परत गेल्यावर एकाने सहाचा सेट मागितला, तीनशे रुपयांत. एका कोस्टरला आता मला पन्नास मिनिटं लागतात, म्हणजे सहाला पाच तास, दोरा वेगळा. मी त्याला म्हटलं, मशीनवर करून घे. खरी क्रोशाची वीण करणारं मशीन कारखान्यांत वापरात नाही हे त्याला माहीत नव्हतं. बाजारात मशीनची म्हणून जी 'क्रोशा' लेस मिळते तिची वीण वेगळी, दिसायला फक्त तशी. म्हणजे रस्त्यावर दीडशे रुपयांना टांगलेला टॉप खऱ्या क्रोशाचा असेल, तर तो कुणाच्या तरी हातानेच झालेला असतो. त्याचा हिशेब मी मांडून बघितला आणि सोडून दिला.

आईच्या रुखवतात, १९७८ साली, तोरण होतं, ताटावरचे रुमाल होते, पाण्याच्या तांब्याची झाकणं होती, आणि फोनवर घालायचं क्रोशाचं आवरण होतं. आमच्या घरी फोन आला १९९२ ला. चौदा वर्षं ते ट्रंकेत डांबरगोळ्यांबरोबर होतं. फोन आला त्या दिवशी घातलं, तर रिसीव्हर नीट बसेना.

प्लॅस्टर निघाल्यावर आई वाईला परत गेली, माझे सहाच्या सहा कोस्टर घेऊन. परवा गेलो तर एक सेट-टॉप बॉक्सवर होता, एक देवघरात समईखाली, दोन माठाच्या झाकणावर. बाकीचे दोन कपाटात, पाहुणे आले की काढायला. चहा बशीत दिला.