पायथन ३.८ सोडायचं ठरलं तो दिवस

नोव्हेंबर २०२४. आमच्या लायब्ररीला (इतरांनी आपल्या प्रोग्राममध्ये वापरायच्या तयार कोडला) पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं किमान ३.८ व्हर्जन चालत होतं, आणि ३.८ चे सुरक्षा-अपडेट ऑक्टोबरमध्येच थांबले होते. टीममध्ये दोन तट. काहींना थेट ३.१० हवं होतं, मॅच-केस हे त्यातलं नवं सिंटॅक्स, म्हणजे कोड लिहिण्याची नवी रचना, वापरता यावं म्हणून. बाकीचे म्हणत होते, चालतंय तोवर हात लावू नका.

नव्या सिंटॅक्सपायी वापरणाऱ्यांना मागे सोडणं मला पटत नाही. खरं कारण सीआयच्या, म्हणजे प्रत्येक बदलानंतर आपोआप चाचण्या घेणाऱ्या यंत्रणेच्या, लॉगमध्ये सापडलं. आमचा कोड नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीवर उभा आहे. ३.८ वर चालणारी नमपायची शेवटची मालिका १.२४. पायथन ३.१२ चालतं ते १.२६ पासून, आणि १.२६ ला किमान ३.९ लागतं. म्हणजे ३.८ आणि ३.१२ दोन्हींवर चालेल असं नमपायचं एकही व्हर्जन नाही! एकाच कोडच्या चाचण्या आम्ही दोन वेगवेगळ्या नमपायवर घेत होतो आणि त्यासाठी अकरा ठिकाणी व्हर्जन तपासणाऱ्या अटी पेरल्या होत्या. झोनइन्फो हे टाइमझोनचं मॉड्यूल ३.९ पासून पायथनमध्येच येतं; त्याचा बॅकपोर्ट, म्हणजे जुन्या पायथनसाठीची वेगळी प्रत, केवळ ३.८ साठी सांभाळत होतो. ३.८ चा निकाल तिथेच लागला.

३.१० ला मात्र मी नकार दिला. डेबियन ११ आणि रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ या ऑपरेटिंग सिस्टिमसोबत ३.९ येतं, आणि ३.९ ची मुदत ऑक्टोबर २०२५ पर्यंत होती. म्हणून किमान ३.९ ठरलं. ३.१० मधली एकच गोष्ट खरोखर हवी होती: दोन याद्या जोडीजोडीने वाचणाऱ्या झिप फंक्शनचा स्ट्रिक्ट पर्याय, जो लांबी जुळली नाही तर एरर देतो. साधं झिप अशा वेळी मुकाट्याने जास्तीचा भाग टाकून देतं. त्यासाठी चार ओळींचं फंक्शन लिहून भागलं.

दुपारी नव्या आवृत्तीच्या रिलीजची रंगीत तालीम घेतली आणि तिथेच घोळ दिसला. व्हील (इन्स्टॉल करायची तयार फाइल) बनवून ३.८ च्या कोऱ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (पायथनच्या वेगळ्या, स्वतंत्र जागेत) टाकलं, तर पिप या इन्स्टॉल करणाऱ्या साधनाने ते बिनतक्रार बसवलं आणि इम्पोर्ट करताच कोड कोसळला. व्हीलच्या मेटाडेटात (सोबतच्या माहितीत) किमान पायथन सांगणारी 'रिक्वायर्स-पायथन' ही ओळच नव्हती. किमान व्हर्जन आम्ही सेटअप फाइलमध्ये बदललं होतं, पण पायप्रोजेक्ट फाइलमध्ये प्रोजेक्ट विभाग असला की व्हील बनवणारं सेटअपटूल्स तिथलंच खरं मानतं. सेटअपमधलं मूल्य बाजूला पडतं, बिल्डच्या गर्दीत एक वॉर्निंग येते, इतकंच.

हे पायपीआयवर, म्हणजे पिप जिथून लायब्ररी उतरवतं त्या सार्वजनिक साठ्यावर, गेलं असतं तर लगेच दुरुस्त आवृत्ती काढूनही भागलं नसतं. पिप आपल्या पायथनला चालणारी सर्वांत नवी आवृत्ती शोधतं. दुरुस्त आवृत्ती ३.८ ला नको म्हणते, मग पिप एक पायरी मागे येतं आणि नेमकी ती सदोष आवृत्ती उचलतं. चढवलेल्या फाइलचा मेटाडेटा बदलता येत नाही, त्यामुळे ती आवृत्ती यँक करावी लागते, म्हणजे पिपने ती आपणहून निवडू नये अशी खूण करावी लागते. त्यानंतरही ज्यांनी नेमकं तेच व्हर्जन पिन केलंय, म्हणजे तेच हवं असं लिहून ठेवलंय, त्यांच्याकडे ती बसतेच.

ओळ पायप्रोजेक्ट फाइलमध्ये हलवली. वरची मर्यादा, म्हणजे 'चारपेक्षा कमी' वगैरे, मुद्दाम घातली नाही. पुढे नवं पायथन आलं की पिप अशी मर्यादा नसलेली एखादी जुनाट आवृत्ती शोधून बसवतं.

संध्याकाळी ३.८ साठीची शेवटची आवृत्ती काढली, हातातले सगळे बगफिक्स घालून, कारण तिथले लोक यापुढे तिच्यावरच राहणार होते. मग सीआयमध्ये एक पायरी वाढवली: ३.८ वर इन्स्टॉल करायचं आणि हीच शेवटची आवृत्ती आली का ते पाहायचं. नवी आली, तर रिलीज थांबतं.